डॅशबोर्डवरचा पाट

चीफ म्हणजे माझ्या नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. जहाजावर चीफ इंजिनीअर, म्हणून बायकोसकट सगळे त्याला चीफच म्हणायचे. जमिनीवर असला की त्याला करमायचं नाही, आणि मग तो आम्हालाही करमू द्यायचा नाही. त्या वेळी सुट्टीवर आला तो एक घर घेऊनच. सीमेपलीकडे, मलेशियातल्या जोहोरमधल्या कुणा ओळखीच्या माणसाकडून त्याने पिकअप ट्रक आणला होता आणि त्याच्या हौद्यात कॅम्पर बसवला होता. कॅम्पर म्हणजे पत्र्याची आटोपशीर खोली. आत गाद्या, शेगडी, पाण्याची टाकी, आणि खोलीचा पुढचा भाग ड्रायव्हरच्या डोक्यावर छज्ज्यासारखा आलेला. ते प्रकरण आमच्या शहरातल्या क्वीन्सटाउन भागातल्या त्याच्या इमारतीच्या मल्टिस्टोरी कारपार्कमध्ये शिरेना, म्हणून खाली उघड्यावर लावलं होतं. शनिवारी सकाळी आम्ही त्यातून मलेशियात भटकायला निघणार होतो.

निघणार म्हणजे मी नाइलाजाने. मला सुट्टीत हॉटेल लागतं. पण माझे आईबाबा तेव्हा पुण्याहून आमच्याकडे बुओना व्हिस्टाला आलेले होते आणि आईने ट्रकमधलं स्वयंपाकघर बघितल्याबरोबर आपण यात पिठलं करू असं जाहीर करून टाकलं. पुढे माझं कोण ऐकतंय!

बाबा काहीच म्हणाले नाहीत. म्हणजे ते तसे बोलायचेच कमी. नोकरी बँकेत, पण जीव आकाशवाणीच्या नाटकांत, असे ते होते. लहानसहान भूमिका करायचे, कधी हवालदार, कधी नवरदेवाचा मामा. मग काही वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. राहिली ती नुसती कुजबुज. फोन आला तर आई बोलायची, भाजीवाल्याशी आई बोलायची, आणि बाबांना काय म्हणायचं आहे तेही आईच सांगायची. बाबांचा आवाज खणखणीत होता हे मला आठवत होतं, पण तो कानाला कसा लागायचा ते आठवत नव्हतं. घरात एक कॅसेटसुद्धा नव्हती. याचं मला फार वाईट वाटायचं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

अशात बाबांच्या नाटकातल्या एका मित्राचा पुण्याहून फोन आला. त्यांची एक जुनी श्रुतिका शनिवारी सकाळी सॅटेलाइट रेडिओच्या मराठी चॅनेलवर लागणार होती आणि तिच्यात बाबा होते. त्यांना म्हटलं, काका, रेकॉर्ड करून ठेवा. ते म्हणाले, मला नुसता लावता येतो.

उपग्रहावरून उतरणारा तो रेडिओ त्या दिवसांत, म्हणजे दोन हजारनंतरचं पहिलं दशक सरत आलं होतं तेव्हा, शेवटच्या घटका मोजत होता. आमच्या इथल्या सगळ्या गोतावळ्यात तो फक्त चीफकडे होता, आणि तो त्याने हौसेने ट्रकमध्ये बसवला होता. नवऱ्याने फोनवर रेकॉर्डिंगची तयारी केली. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही रेडिओ लावून बघायला गेलो, तर एक शब्द ऐकू येईना.

चीफला कारण लगेच कळलं. अँटेना केबिनच्या टपावर आणि टपावर कॅम्परचा छज्जा. "वहिनी, उपग्रह इथे जवळजवळ डोक्यावर असतो. त्याला वर मोकळं आकाश पाहिजे. पत्रा आला की संपलं," असं म्हणून त्याने ती तळहाताएवढी काळी चौकोनी चकती सोडवली आणि आत डॅशबोर्डवर, पार पुढे काचेच्या कडेला, छज्जा संपतो तिथे चिकटवली. तत्क्षणी ट्रकमधून कुणीतरी बाई अळूवडीचं सारण सांगू लागली. आम्ही पार्किंगमध्ये उभं राहून अख्खी अळूवडी ऐकली. बाबा शेवटपर्यंत हलले नाहीत.

शनिवारी आम्ही लवकर पोचलो. सामान वर चढवण्यावरून चीफचे आणि नवऱ्याचे वाद चालू होते तेवढ्यात आईने गाडीची पूजा उरकून घेतली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, आणि डॅशबोर्डवर तिचा प्रवासातला पितळी गणपती, लाल वस्त्रावर ठेवलेल्या तांब्याच्या ताम्हनात. खालच्या बागेतलं जास्वंदीचं फूलही तिने मिळवलं होतं. मी म्हटलं, "आई, इथे झाडाची फुलं तोडत नाहीत." ती म्हणाली, "पडलेलं होतं." ते फूल टवटवीत होतं.

आईला गाडी लागते म्हणून ती पुढे, बाबा आणि मी मागच्या सीटवर. चीफने नमस्कार केला, रेडिओ लावला, आणि काही नाही. सेट नुसता 'नो सिग्नल' दाखवत बसला.

नाटक सुरू व्हायला अर्धा तास होता. निघण्याचं नाव आता कुणी काढेना.

नवरा वन-नॉर्थ भागातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर करतो. त्याने सेट बंद करून चालू केला. पुन्हा बंद करून पुन्हा चालू केला. चीफ म्हणाला, अर्थिंग. जहाजावर काहीही बिघडलं की चीफ अर्थिंग म्हणतो. वायरचं सेटकडचं टोक त्याने तीनदा काढून लावलं. दुसऱ्या टोकाकडे हात जायचा, तिथे गणपती दिसायचा, की नमस्कार करून मागे यायचा. मग दोघांनी मिळून समोरच्या मोठ्या झाडावर ठपका ठेवला. नवरा खाली उतरून "ये, ये, ये, अजून ये" करू लागला आणि चीफ ते घर मागे घेऊ लागला. सकाळचा पेपर घेऊन चाललेले एक चिनी अंकल थांबले आणि म्हणाले, "बॅटरी फ्लॅट, इज इट?" चालू इंजिनाच्या आवाजात त्यांनी ते विचारलं, पण माणूस सहानुभूतीने बोलत होता.

तेवढ्यात चीफने कचकन ब्रेक मारला. ताम्हन कलंडलं. आईने गणपती ताम्हनासकट उचलून घेतला आणि सांडलेलं कुंकू पदराने टिपू लागली. रेडिओतून एकाएकी कुणीतरी पुरुष गंभीरपणे हवामान सांगू लागला.

"इथेच! इथेच मिळतंय!" नवरा बाहेरून ओरडला. चीफने जागच्या जागी हँडब्रेक ओढला. आईने कुंकू टिपून गणपती परत ठेवला. हवामान बंद.

पुढचा बराच वेळ दोघे सुशिक्षित पुरुष ती जादूची जागा शोधत होते. ट्रक वीतभर पुढे, वीतभर मागे. नवऱ्याने तर जमिनीवर खडूने खूणसुद्धा केली. अंकल पेपर घडी करून कठड्यावर बसले. बाबा खिडकीला टेकून घड्याळाकडे न बघायचा प्रयत्न करत होते, आणि मला ते बघवत नव्हतं. पुन्हा एक धक्का बसला, पुन्हा आईने देव सावरला, पुन्हा हवामानवाला बोलला. मागे बसून मला समोरचं सगळं नीट दिसत होतं.

"आई," मी म्हटलं, "गणपती उचल."

"का?"

"उचल ना. बघू दे."

तिने उचलला नाही. मग चीफने लाल वस्त्राचं टोक वर केलं, आणि त्याखाली त्याची काळी चकती निघाली.

"काकू, तुम्ही देव अँटेनावर बसवलाय!"

"पाट होता तो."

"पाट नाही हो, अँटेना आहे."

"मग पाटासारखी कशाला केली?" आई म्हणाली. "चौकोनी, सपाट, पूर्वेकडे तोंड करून. मला वाटलं, एवढा समजूतदार मुलगा, देवाची सोय करून ठेवली."

चीफने कॉलर सारखी केली. जन्मात त्याला पहिल्यांदाच कुणी समजूतदार म्हटलं होतं.

"आता उचला ना," नवरा खिडकीतून म्हणाला.

आईने मान हलवली. अक्षता वाहून, साखरेचा नैवेद्य दाखवून बसवलेला देव प्रवास पुरा होईपर्यंत हलवायचा नाही. पडताना सावरणं वेगळं, उठवणं वेगळं. नवरा म्हणाला, आई, प्रवास अजून सुरूच झालेला नाही. ती म्हणाली, म्हणूनच. मी चिडले. पाच मिनिटं उरली होती आणि ही बाई शास्त्र काढत होती. मी काहीतरी टाकून बोलणार होते, तेवढ्यात शेजारून बाबांची कुजबुज आली.

"राहू दे. एवढं काय त्यात."

आई वळून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पिशवीतून चिमूटभर तांदूळ काढले, गणपतीवर वाहिले, घाईघाईने पुनरागमनाय च म्हटलं आणि देव ताम्हनासकट मांडीवर घेतला. "त्यालाही ऐकू दे," ती चीफला म्हणाली. "लाव मोठा."

श्रुतिका अगदीच सुमार होती. एक घर, घरात एक भांडखोर जोडपं, त्यांचा एक बहिरा काका, आणि कुणाची तरी वाट बघत सगळे नुसते बोलताहेत. नवऱ्याने फोन सेटजवळ धरला होता. अर्धा भाग संपला तरी बाबांचा पत्ता नव्हता. मला वाटू लागलं, मित्राची काहीतरी गफलत झाली. तेवढ्यात रेडिओत कडी वाजली आणि त्यापाठोपाठ एक भरदार, रस्ताभर ऐकू जाईल असा आवाज आला.

"दार उघडा हो! तार आहे, तार!"

"आले, आले!" आई म्हणाली.

ती खरंच उठायला गेली होती. पट्टा लागलेला होता म्हणून बसून राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला. चीफ काचेतून झाडाकडे बघत राहिला आणि मी बाबांचा हात धरला. बाबांची भूमिका तेवढीच होती.

नाटक संपल्यावर नवऱ्याने रेकॉर्डिंग लावून बघितलं. बाबांचं वाक्य स्पष्ट आलं होतं, पण त्याच्या शेवटावर आईचं "आले, आले" चढलं होतं आणि दुसरा 'तार' त्यात बुडाला होता. नवरा म्हणाला, काळजी करू नका, ऑफिसात एक सॉफ्टवेअर आहे, आईंचा आवाज तेवढा काढून टाकता येईल.

बाबांनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि खिशात ठेवला.