दोनशे एकाहत्तर चिरे

गेल्या पावसाळ्यात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मी सातवीच्या गणितात नापास झालो. वही माझ्या सख्ख्या बायकोनेच तपासली होती, त्यामुळे फेरतपासणीचा अर्ज करायचीही सोय नव्हती.

झालं असं, की शाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलं आणि ते वेळेत परत बसलं नाही. (रत्नागिरीत पावसाळ्यापूर्वी काढलेलं कुठलंही छप्पर वेळेत परत बसत नाही. आमच्या न्हाणीचं मी स्वतः बसवलं होतं, तेव्हा अधिकाराने सांगतो.) मग महिनाभर शाळा मोबाइलवर. माझी बायको विद्या त्या शाळेत गणित शिकवते आणि आमची मुक्ता तिच्याच वर्गात, सातवीत आहे. सातवीत एकूण चौदा मुलं. विद्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतून शिकवायची आणि मुक्ता पडवीतून शिकायची. मध्ये एक भिंत. तरी मुक्ताला शंका आली की ती मोबाइलवर हात वर करायची आणि "बाई!" अशी हाक मारायची. तासाला आई म्हणायचं नाही, हा विद्याचा पहिला नियम होता.

बाकीचे नियम तिने एका कागदावर लिहून सगळ्या पालकांना पाठवले होते. तासाला वेळेवर बसायचं. कॅमेरा चालू ठेवायचा. गृहपाठाला दहा गुण: पायऱ्यांना पाच, उत्तराला दोन आणि प्रामाणिकपणाला तीन. म्हणजे, गणितात कोणाची मदत घेतली तर खाली त्याचं नाव लिहायचं. लिहिलं तर काही कापणार नाही, लपवलं तर तिन्ही गुण गेले. आणि चारांच्या खाली गुण पडले, तर वहीवर पालकांची सही आणायची.

"सही कशाला गो? घाबरतील पोरं," मी म्हटलं.

"घाबरायला नाही, घरी कळायला. अहो, तुम्ही फक्त एक करा. लांब राहा," विद्या म्हणाली.

मी लांबच होतो! पण एका शनिवारी तिने गृहपाठ दिला तो जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या कुंपणाचा. भिंत नऊ मीटर लांब, एक मीटर ऐंशी सेंटीमीटर उंच. चिरा छत्तीस सेंटीमीटर लांब, अठरा सेंटीमीटर उंच. तर एकेरी भिंतीला चिरे किती लागतील? आता मला सांगा, ज्या माणसाने बारा दिवस रजा टाकून, डोक्यावर टॉवेल घेऊन, स्वतःच्या घराचं चिऱ्याचं कुंपण उभं करून घेतलं, त्याने अशा वेळी गप्प बसायचं?

शेजारच्या जाधवांची सानिका वही घेऊन आली. तिच्या वडिलांचं हातखंब्याला गॅरेज आहे, ते सकाळीच जातात, म्हणून अडलं-नडलं ती आमच्याकडे येते.

"काका, एवढं बघता काय? अडीचशे आलं माझं."

"अडीचशे?" मी हसलो. (ते हसणं आठवलं की आजही मान खाली जाते.) "अगो, चिरेखाणीतून ट्रक निघाला की घरापर्यंत दहात एक चिरा मोडतो. धर पंचवीस जास्त. झाले दोनशे पंचाहत्तर. मधल्या सिमेंटला जागा लागते, त्याचे आठ कमी. आणि न्हाणीपाशी कपडे धुवायला दगड नको? त्याचे चार. किती झाले?"

"दोनशे एकाहत्तर. पण काका, गणितात न्हाणी नाही."

"घर म्हटलं की न्हाणी आलीच!"

सानिकाने माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि अडीचशेवर काट मारली. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण तिच्या फोनवर मुलांचा ग्रुप होता आणि कोणीतरी विचारत होतं, 'चिऱ्यांचं कोणाला आलं?' मी फोन घेतला आणि तीन मिनिटांचा आवाजी निरोपच पाठवला! चिऱ्याची निवड, ट्रकवाल्यांचा आळस, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "पायऱ्यांची गरज नाही रे, ज्याला येत नाही त्याला पायऱ्या लागतात. आणि माझं नाव खाली लिहू नका हां, बाईंच्या हातचं मला दोन वेळा जेवायचं असतं."

मुक्तालाही सांगायला गेलो.

"बाबा, अडीचशे."

"आणि गेट? माणसं आत जाणार कशी?"

"ते विचारलेलं नाही."

"बरं, गेटची जागा वजा कर, पण गेटच्या खांबांना तेवढेच लागतात, म्हणजे फिट्टंफाट. आता मोडतोड..."

"बाबा, तुम्ही आजीला सुपारी कातरून द्या ना," मुक्ता म्हणाली. मी अपमान गिळून माझ्या आईजवळ जाऊन बसलो.

रविवारी संध्याकाळी विद्या चहा घेत मोबाइलवर वह्या तपासत होती. एक मुलगा गुहागरला मामाकडे गेला होता, त्याची वही आली नव्हती. बाकी तेरा.

"दोनशे एकाहत्तर," ती म्हणाली. मी बशीत चहा ओतला. "परत दोनशे एकाहत्तर." मी बशी ओठाला लावली. "बारा जणांचं दोनशे एकाहत्तर! अहो, असं कसं हो? चुकतात पोरं, पण सगळी एकाच जागी?"

"पाऊस काय पडतोय बघ," मी म्हटलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

पायऱ्या नाहीत, उत्तर चूक, मदत लपवलेली. बारा जणांना शून्य आणि मुक्ताला दहा. गुण पालकांच्या ग्रुपवर गेले आणि अर्ध्या तासात कुणा एका पालकाचा निरोप आला: 'अभिनंदन! बाईंच्या मुलीला बरोब्बर उत्तर आलं. घरचाच क्लास!' त्यापुढे हसणारी तीन तोंडं. मग आणखी दोघांची हसणारी तोंडं. विद्याने फोन पालथा ठेवला. सोळा वर्षं ती शिकवते आहे, आणि लेकीला मदत केली असं कोणी म्हणू नये म्हणून तिने मुक्ताची वही तपासायच्या वेळेखेरीज घरी कधी उघडूनही बघितली नव्हती.

मुक्ता येऊन दारात उभी राहिली. तिने ते माझ्या फोनवर वाचलं होतं.

"आई, माझे दहा काढून टाक. मलाही शून्य दे."

"का गो? तुझं बरोबर आहे."

"असू दे. मला नकोत," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मुक्ता सहसा रडत नाही. लहानपणी दगडी गडग्यावरून पडून ढोपर फुटलं तेव्हाही रडली नव्हती.

मी उठून दोघींच्या मध्ये उभा राहिलो. मी म्हटलं, "विद्या, तो दोनशे एकाहत्तरवाला मी आहे."

विद्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "हे मला सांगून काय होणार? उद्या आठ वाजता वर्गाला सांगा. पालकांनाही बसायला सांगते."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी मोबाइलसमोर बसलो. वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली पंचा. चौकटीचौकटीतून मुलं, त्यांच्या मागे आया, आज्या, आणि एका चौकटीत नुसती शेळी. मी सगळं सांगितलं. ट्रक, सिमेंट, न्हाणी, नाव लपवायला लावलं ते, सगळं. "मुक्ताला तिच्या आईने काही सांगितलं नाही. मी सांगितलं, ते तिने ऐकलं नाही. एवढंच तिचं आणि तुमच्या मुलांचं वेगळं," असं म्हटलं आणि आदराने उभा राहिलो. (पंचाचं भान राहिलं नाही. दुसऱ्या चौकटीतल्या आजींनी डोळ्यांवर पदर घेतला.)

तेवढ्यात सानिकाने हात वर केला. "बाई, मी आधी अडीचशेच लिहिलेलं. काकांनी इतकं जोरात सांगितलं, मला वाटलं माझंच चुकलं."

एवढ्याशा पोरीचं बरोबर उत्तर मी नुसत्या आवाजाच्या जोरावर खोडायला लावलं होतं. मी म्हटलं, "सानिका, पुढच्या वेळी काका जोरात बोलला, तर समज त्याला येत नाही."

शेळीच्या चौकटीतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ग्रुपवर त्या पालकांनी 'बाई, गैरसमज झाला, माफ करा' असं लिहिलं आणि हसणारी तोंडं काढून टाकली. विद्याने बारा शून्यं पुसली, मुक्ताचे दहा ठेवले आणि नवीन गणित दिलं: भिंत सात मीटर वीस सेंटीमीटर लांब, बाकी सगळं तेच. "आज पाचपर्यंत वही पाठवा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुम्हीसुद्धा."

बाराच्या बारा मुलांचं बरोबर आलं. सानिकाला दहा. माझं असं झालं: पायऱ्या मी मनात केल्या, त्यामुळे पाचपैकी शून्य. उत्तर दोनशे आलं होतं, बरोबर होतं, पण मुक्ता 'न्हाणी नको' म्हणत असताना हात राहिला नाही आणि पुढे 'अधिक न्हाणीचे चार' लिहून बसलो. दोनपैकी शून्य. खाली लिहिलं होतं, 'मदत: मुक्ता. ऐकली नाही.' प्रामाणिकपणाला तीनपैकी तीन. एकूण तीन. विद्याने लाल शाईने शेरा मारला: 'प्रश्न वाचावा. पालकांची सही आणावी.'

"अगो, मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे!"

"नियम सगळ्यांना सारखा," बाई म्हणाल्या.

मी वही घेऊन आईपुढे उभा राहिलो. आईने आडकित्ता खाली ठेवला.

"चष्मा आणू?" मी विचारलं.

"चष्मा कशाला? तुझ्या गणिताच्या वह्यांवर सह्या करून हात बसलाय माझा," ती म्हणाली आणि शेऱ्याच्या बरोब्बर खाली सही ठोकली. मग भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघून, जुन्या सवयीने, एकदम आवाज खाली आणला. "जा, ठेव आत. ह्यांनी बघितलंन तर तुझं काय खरं नाय."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. तरी मी वही शर्टात लपवली आणि फोटोसमोरून मान खाली घालून निघून गेलो.