हिरव्या सायकलीवरचा काळा रंग

वासुदादा गेल्याची बातमी मला शाळेत कळली. तिसरीच्या वर्गात फळ्यावर हातच्याची वजाबाकी मांडत होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमसरहून फोन होता. तुमचे मोठे भाऊ..." पुढचं ऐकायची मला गरज पडली नाही. खुर्चीत बसून पोरांसमोर मोठ्यानं रडले. आज काही आठवड्यांनी त्या रडण्याचाच राग येतो. ते परत घेता आलं असतं तर घेतलं असतं.

तुमसरात गाडीवरचा ओरखडा काढावा तर वासुदादानंच, असं लोक म्हणत. तेव्हा गावात मोटारी होत्याच किती? भात गिरण्यांच्या शेठ लोकांच्या, डॉक्टरांची, आणखी एखाददुसरी. त्या सगळ्या दादाच्या टिनाच्या शेडखाली येऊन उभ्या राहत. लग्नाआधी सुट्टीत मी तिथंच पडीक असे. दादा कंपाउंडाचा, म्हणजे गाडी घासायच्या लेपाचा डबा उघडण्याआधी ओरखड्यावरून नख फिरवी. नख अडकलं तर कंपाउंडाचं काम नाही, तिथं रंगच भरावा लागतो. नाही अडकलं तर घासून निघतं. मग कोणतं कंपाउंड घ्यायचं, जाडं की बारीक, हे तो दाराखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासून ठरवी. जाड्यानं ओरखडा लवकर जातो पण चमकही जाते, म्हणून मागून बारीक, आणि सगळ्यात शेवटी मेणाचं पॉलिश. जुन्या बनियनच्या कापडाशिवाय दुसरं कापड तो गाडीला लावू देत नसे. एकदा मी भस्सकन जाड्याचा डबा उचलला तर ओरडला, "काहून घेतलं ते? दुसऱ्याचा रंग लागला हाय फक्त. तो वरच बसून राहते, बारक्यानं निघते. जाडं लावशील तं गाडीचाच रंग खाशील ना बापा! कापडावर गाडीचा रंग दाट याले लागला का थांबाचं. नाही थांबलं तं खालचं अस्तर दिसते." एवढं जपून घासणारा माणूस... मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, यात माझं काय चुकलं?

माझं लग्न विजेच्या खात्यातल्या लाइनमनशी झालं. यांची सायकल जुनी, गंजकी. दादानं ती रंगवून दिली. कुठल्याशा ट्रकचा उरलेला हिरवा आणि एका पाटीचा उरलेला पिवळा असे दोन रंग एकत्र करून त्यानं असा काही पोपटी काढला की यांचे सोबती महिनाभर चिडवत होते. "जवाईबापू, असा रंग अख्ख्या भंडारा जिल्ह्यात भेटणार नाही," दादा म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

त्या सायकलीवरून हे नाकाडोंगरीच्या रस्त्यानं परत येत होते. दिवस मावळताना मागून आलेल्या मोटारीनं यांना उडवलं आणि न थांबता निघून गेली. हे रात्रभर शेजारच्या बांधीतल्या धानात पडून होते. सकाळी गुराख्यांना दिसले. मोटारवाल्यानं लगेच दवाखान्यात आणलं असतं तर पाय सरळ राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. पाय वाकडाच राहिला. खांबावर झरझर चढणारा माझा नवरा ऑफिसात पावत्यांवर शिक्के मारू लागला.

त्या दिवशी दुपारी दादा दवाखान्यात धावत आला. त्याच्या नखांत पांढरं कंपाउंड वाळलेलं होतं. माझा भाऊ हातसुद्धा न धुता कामावरून तसाच आला, या विचारानं मला भरून आलं होतं. त्याच हातानं त्यानं माझे डोळे पुसले.

कोणाची मोटार होती, हे शोधायला मी जीव टाकला. ओरखडा पडलेली गाडी तुमसरात आणखी कुठं जाणार? मी पहिल्यांदा दादालाच विचारलं. "नाही आली, बाई. आली असती तं तुले सांगतलं नसतं का?" पोलिसांनाही त्यानं हेच सांगितलं. वर माझ्यासोबत भंडाऱ्याला आला, उन्हात दोन-तीन वर्कशॉप पालथी घातली, माझ्यासाठी रसवंतीवर थांबला. मोडकी सायकलही तोच घेऊन गेला. सरळ करून आणली तेव्हा ती काळी कुळकुळीत होती. मी म्हटलं, "दादा, हिरवी का नाही ठेवलीस?" तर म्हणे, "काळा मळत नाही." यांना सायकल चालवता येणार नव्हती, तरी मोडीत गेली नाही याचाच किती आनंद झाला होता आम्हाला! ओसरीत ती तेव्हापासून उभी आहे.

तेरवी झाल्यावर वहिनीनं मला आतल्या खोलीत बोलावलं. दादाचे डबे तिनं एका पिशवीत भरून ठेवले होते. म्हणाली, "हे घेऊन जा, बाई. मले घरात नाही पायजेन." आणि मग भिंतीकडं बघत बोलत राहिली. "त्या सकाळी गिरणीवाल्या शेठची गाडी आली होती. गाय आडवी आली म्हणून सांगतलं. हे घासाले बसले, अन् कापडावर तो पोपटी रंग आला. कापड घेऊन घरात आले. खाली बसले. मी म्हटलं, जा ना, बाईकडे जाऊन पहा. तं म्हणाले, शेठ गेला तं आपलं काम गेलं... अन् उठून परत गेले. सारी गाडी पॉलिश केली. तुमचा माणूस बोलवाले आला तवा हात धुवून राहिले होते, अर्धेच धुवून धावले."

म्हणजे मला निरोप मिळण्याच्याही आधी दादाला कळलं होतं. कापड बघून कळलं होतं. आणि त्यानं बारीक कंपाउंड घेतलं असणार, मग मेण. नीट, न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी घासून बघून. मला हे सहन होत नाही. गरीब होता, भ्यायला होता, सगळं मान्य. पण मग भंडाऱ्याला माझ्यासोबत का वणवण केलीस, दादा? रस का पाजलास? आता भांडायचं तर भांडायला माणूसच उरला नाही.

परवा हे बाहेर गेले असताना मी पिशवीतून जाड्याचा डबा काढला, यांची जुनी बनियन फाडली आणि सायकलीच्या दांडीवर घासत बसले. कापड काळं झालं, अजून काळं झालं. दादानं सांगितलं होतं तिथं मी थांबले नाही. हात भरून आले तेव्हा बोटभर पोपटी रंग वर आला, नवा असल्यासारखा.

यांना अजून काही माहीत नाही. संध्याकाळी काठी टेकत आले, त्या पट्टीवर हात फिरवून म्हणाले, "वासुभाऊनं काळा मारला होता चांगला. किती वर्सं टिकला!" दादावर पेपरात लिही, म्हणून तेच माझ्या मागे लागले होते. हा लेख छापून आला की सायकलीशेजारी खुर्ची टाकून बसतील आणि मला मोठ्यानं वाचायला सांगतील. मी वाचणार आहे. मधे थांबणार नाही.