आता तू आई

माझ्या थोरल्या जाऊबाई शिकवतात, पण त्यांच्या वर्गात फळा नाही. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत एक लोखंडी खाट आणि तिच्यावर रबरी पुतळा, झाला वर्ग. घरोघरी आजाऱ्यांची सेवा करायला निघालेल्या बायकांना त्या तिथे कूस बदलायला, अंग पुसायला, भरवायला शिकवतात. पुतळ्याला म्हणतात आप्पा. आप्पांचं रोज काहीतरी नवीन! आज जावयासमोर चादर ओली झाली म्हणून शरमलेत, उद्या लेक फिरकली नाही म्हणून रुसलेत. ते मनात धरूनच बायकांनी हात लावायचा.

"ताई, रबराला कसली आलीय शरम?" मी चिडवायची.

"रबराला नाही गं. पण इथे कल्पना करायची सवय लागली, तर माणसाजवळ गेल्यावर ती उपयोगी पडते."

मला तो आपला बाहुल्यांचा खेळच वाटायचा.

मग आमच्याच घरात आजारपण आलं. सासूबाईंना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. गिळता येत होतं, डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं. पण चमचा ओठांशी नेला की दात घट्ट! ताईंनी उशी उंच केली, चमचा बदलला, आवडीचं करून पाहिलं, लाडीगोडी लावली. छे! शेवटी डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत तोंडाने काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालू. ते ऐकून आईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नळी नको होती, आणि खायचंही नव्हतं.

दुपारी माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघरात येऊन वाटी आदळली. "नुसता हट्ट! जन्मभर स्वतःचंच खरं केलं, आता तरी ऐकावं की नाही माणसाने?"

ताई रागावल्या नाहीत. मला आतल्या खोलीत नेलं आणि पलंगाकडे बोट दाखवलं. "आडवी हो. आता तू आई. उजवा हात हलवायचा नाही."

"मला काय वर्गातली समजता?"

"हो. झोप."

झोपले बाई! त्यांनी चमचा पुढे केला. "काय वाटतंय?"

"मान अवघडली."

"ही तू झालीस. आई हो."

मी डोळे मिटले. आईंच्या डोक्यात या वेळी काय चाललं असेल? दुपार. ओट्यावर झाकून ठेवलेली भांडी. पोरं शाळेतून आली नाहीत, मुलगे बाहेर, सुना उपाशी. आणि कोणीतरी पहिला घास माझ्याच तोंडाशी आणतंय!

मी ताडकन उठून बसले. "ताई, आपण त्यांना सगळ्यांच्या आधी भरवतोय!"

आजाऱ्याचं आधी, मग आपलं, हा ताईंचा नियम. आणि आई? घरातलं शेवटचं माणूस जेवून उठल्याशिवाय त्यांनी कधी घास घेतला नाही. तापाने फणफणल्या तरी नाही. आम्ही कितीदा भांडलो असू त्यावरून.

ताई कपाळाला हात लावून बसल्या. "आणि मी जगाला शिकवते," एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आम्ही आईंच्या खाटेपाशीच पानं मांडली. पोरं जेवली, आमचे नवरे जेवले, मी जेवले. मग मी वाटी घेऊन बसले आणि चमचा पुढे केला. दात घट्ट!

मला रडूच कोसळलं. सगळं चुकलं म्हणायचं? तेवढ्यात लक्षात आलं, आई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली होती. वळून पाहिलं, तर दारात ताई उभ्या, हातात पाण्याचा तांब्या. वाढता वाढता त्यांचं जेवायचं राहूनच गेलं होतं.

"ताई, आधी जेवा तुम्ही. बसा इथे."

ताई खाटेला टेकून खालीच बसल्या. रडत रडत जेवल्या. आई त्यांच्या पानाकडे टक लावून बघत होत्या. पान रिकामं झालं, तशी त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि तोंड उघडलं.