नानाच्या समीकरणातला दोन

नाना गेला, आणि सकाळपासून तुम्ही सगळे माझं कडवं स्टेटसला ठेवताय.

बंद करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाना धुळ्याला इंजिनिअरिंगच्या पोरांना मेकॅनिक्स शिकवायचा. मी जळगावला शाळेत मराठी. तरुणपणी एका खोलीत राहिलो, तेव्हापासूनची दोस्ती.

एखादी वस्तू गोल फिरता फिरता बाहेरही सरकतेय, वरही चढतेय. तिचं त्वरण कसं मांडायचं? सिलिंड्रिकल कोऑर्डिनेट्स. नानाचा सगळा जीव या एका धड्यात.

पोरं त्यातलं आडव्या दिशेचं सूत्र विसरतात म्हणाला, म्हणून मी ते चालीत बसवून दिलं:

त्रिज्या गुणिले कोन-त्वरण, अधिक मांडुनी लिहा दोन;
दोनासंगे गुणा वेग ते, एक त्रिज्या, दुसरा कोन!

वर्गात टाळ्या पडल्या. नानाही खूश.
व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होईपर्यंत.

"हा दोन कुठून आला?"
"सर, कवितेत आहे."

संध्याकाळी फोनवर नाना कडाडला, "भाऊ, बठ्ठं पाठ शे, समजेल काहीच नही!" सगळं पाठ, समजलेलं शून्य.

पुढच्या बॅचला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच.

मला पाठांतर प्रिय. शाळेतल्या कविता आजही आंघोळ करताना चालीत म्हणतो. वर्ग दिसतो, फळ्यावर पडलेलं ऊन दिसतं. नानाचा संताप मला कळायचाच नाही.

शेवटी त्यानं मला धुळ्याच्या एका बागेत नेलं. मुलांच्या गोल चक्रीवर मधोमध उभं केलं आणि चक्री फिरवली.
"आता काठाकडे चाल. सरळ."

एक पाऊल टाकलं आणि आडवा झालो.

वॉचमन ओरडला, "ओ आजोबा, उतरा! लहान पोरांची आहे ती!"
"थांब रे बाबा, क्लास चालू शे," नाना म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "कोणी पाडलं तुला?"
"तूच."
"अरे, तू चालतोस ती दिशाच वळतेय, तिच्याबरोबर तुलाही वळावं लागतं. हा एक वाटा. काठाकडे चक्री जास्त जोरात पळते, तिथं टिकायला तुलाही वेग वाढवावा लागतो. हा दुसरा. दोन्ही वाटे अगदी सारखे. म्हणून दोन!"

कोपर खरचटलं. पण कळलं.

नाना बाकावर टेकला. "इतक्या वर्षांत एकाला समजलं. तोही मराठीचा मास्तर."
हसला नाही.

आज स्मशानातून आलो आणि त्याच्या विद्यार्थ्यांचा ग्रुप उघडला. कडवं, फूल, जोडलेले हात. पुन्हा कडवं, फूल, हात. एकानं तर गाऊन पाठवलंय.
आवाज गोड आहे. तरी डोकं फिरलं.

तुमचं प्रेम खोटं म्हणत नाही मी. पण ते कडवं माझं. नाना जन्मभर वेगळंच काहीतरी मागत होता तुमच्याकडे.

म्हणून या पोस्टखाली कमेंटमध्ये भावपूर्ण श्रद्धांजली लिहू नका.
दोन का, ते लिहा. स्वतःच्या शब्दांत. चुकलं तरी चालेल, चुकणाऱ्यावर नाना कधी चिडला नाही.

नाना, तू जा आता.
इथले पेपर मी तपासतो.