धूपगडचा कडा आणि वहिनींचा रंग

दादा पचमढीला जंगलखात्यात कारकून होता. मागच्या पावसाळ्यात तो तिकडंच तापानं गेला. सोबत्यांनी तिथंच अग्नी दिला. नागपुरात आम्हाला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. दिवाळी झाल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, मले ती जागा पाहाची आहे." विधवा बाईनं एवढ्या लांब जावं हे आईला पटलं नाही. तिनं दोघांशीही बोलणं टाकलं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. रंगांची पेटी बरोबर घेतली आणि आम्ही निघालो.

पचमढीला जाणाऱ्यांनी इटारसीला गाडी बदलावी आणि पिपरियाला उतरावं. इटारसीच्या फलाटावर पुरी-भाजी गरम मिळते. वहिनींनी मात्र घरच्या भाकरीचं फडकंच सोडलं. रात्र पिपरियाच्या धर्मशाळेत काढली. सकाळची मोटारलॉरी माणसांनी भरल्याशिवाय हलत नाही, भाडंही आधी ठरवून घ्यावं लागतं. घाटात सालवृक्षांचं जंगल लागलं आणि अंगात हुडहुडी भरली. थंडीत जाल तर घोंगडी विसरू नका. उन्हाळ्यात गजबजणारे साहेबांचे बंगले आता कुलूपबंद होते.

दादाबरोबरचा एक वनरक्षक दुसऱ्या दिवशी आम्हाला धूपगडच्या पायथ्याशी घेऊन गेला. ओढ्याकाठी दादाचे शेवटचे दिवस गेले ती झोपडी, पलीकडे उभा कडा. शेवटी शेवटी दादा खाट बाहेर काढायला लावायचा आणि कड्याकडं बघत पडून राहायचा, असं वनरक्षकानं सांगितलं. वहिनी खाटेच्या जागी जाऊन बसल्या.

मी चित्र काढायला घेतलं. निळ्यात काळा मिसळून कडा रंगवला, वर जड आभाळ दिलं. हात भराभर चालत होता. भाऊ गेला त्या डोंगराला दुसरा रंग कोणता द्यावा?

वहिनी मागं येऊन उभ्या राहिल्या.

"काहून इतका काळा केला, भाऊजी?"

मी कुंचला पाण्यात बुडवला.

"तुमचं दुःख मले माहीत आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण ते शेवटी काय पाहून राहिले होते, ते मले घरी न्यायचं आहे."

मी मान वर केली. ऊन कलत होतं. कडा गेरूसारखा लाल झाला होता, कपारींत जांभळी सावली, माथ्यावर हळदीची कड. सगळं समोरच होतं. मीच पाहिलं नव्हतं. नवा कागद लावला. पाणी जास्त झालं, एका कपारीत रंग ओघळला, तसाच ठेवला. वहिनी ओढा ओलांडून गेल्या आणि उजेड जाईपर्यंत कड्याजवळ उभ्या होत्या.

पहिलं चित्र मी फाडलं नाही, पेटीच्या तळाशी घातलं. तेही खोटं नव्हतं, पण ते माझं होतं.

घरी परतल्यावर वहिनींनी लाल कडा माजघरात लावला. आई आधी तिकडं फिरकली नाही. मग एका दुपारी ती चित्रासमोर बसलेली दिसली. तिनं वहिनींना विचारलं, "लय थंडी असन का वं तिथं?"

"नाही, आई," वहिनी तिच्याजवळ बसत म्हणाल्या. "मी हात लावून पाहिला. सूर्य बुडल्यावरबी दगड गरम राहते."