वरच्या मजल्याचं शूटिंग

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळी दहा वाजता, सोलापुरात आमच्या घराच्या व्हरांड्यात मी पाच हजार रुपये रोख घेतले. हजर : मी, माझी बायको सुनंदा आणि पैसे देणारा सर्वेश. ज्यांच्यासाठी हे पैसे होते ते दोघं हजर नव्हते. ते वरच्या मजल्यावर होते आणि नऊ वर्षं तिथून खाली उतरले नव्हते.

हे दोघं म्हणजे माझे मामा आणि मावशी. सख्खे भाऊ-बहीण, दोघंही बिनलग्नाचे. नऊ वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या मुलीच्या लग्नात मामांना पहिल्या पंगतीतून उठवून तिसरीत बसवलं. मामा घरी आले, जिना चढले आणि म्हणाले, "मुलीचा बाप दारात यिऊन हात जोडंपतोर मी पायरी उतरणार न्हाय." मुलीचा बाप पुढच्याच वर्षी वारला. त्यामुळे प्रकरण मिटण्याची सोयच राहिली नाही. मावशी सोबतीला म्हणून वर राहिली. भाजी, दूध, औषधं मी दोरीला बांधलेल्या टोपलीत ठेवतो, ती गॅलरीतून वर ओढून घेते.

सर्वेश हा सुनंदाच्या मैत्रिणीचा मुलगा. पुण्यात माहितीपट करायला शिकतो. माणसांपासून तुटलेल्या कुटुंबांवर त्याला फिल्म करायची होती, आणि आमच्याकडे तर ते तयारच होतं. पाच हजार हे त्या दोघांचं मानधन.

"पण त्यांना विचारलंय ना, काका?" त्याने कॅमेरा सुरू केला. "हे रेकॉर्डवर लागतं."

मी शर्टाचं वरचं बटण लावलं. "विचारायचं काय त्यात? वीजबिल मी भरतो. घरातल्या सर्वांच्या वतीने, सर्वांच्या चित्रीकरणाला माझी संमती आहे." ('सर्वांच्या'वर मी दोन्ही वेळा जोर दिला. मोघम बोलणं मला चालत नाही.)

मग वर जाऊन कळवलं.

"आमचं काय बगायचं हाय?" मावशी म्हणाली.

"चांगल्या कामासाठी आहे, मावशी. लोकांना कळू दे, अशीही माणसं असतात."

"अशी म्हंजी कशी?"

"म्हणजे... अशी."

मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "ठरवूनच आलायस की. यिऊ दे त्याला."

पुढच्या रविवारी सर्वेश आला तो जिन्यातच थांबला. "काकू, इथली धूळ कुठं गेली?"

"पुसली. पाहुणे येणार म्हणून."

"थोडी परत मिळेल?"

सुनंदाच्या घरात येऊन धूळ मागणारा हा पहिलाच माणूस. मिळाली नाही. शेवटी त्याने जिन्यावर आणि मामांच्या खिडकीत गव्हाचं पीठ भुरभुरवलं. पीठ अर्थातच आमच्या डब्यातलं, वाटीभर. त्यानंतर दोन दिवस जिन्यात मुंग्या.

"आजोबा, खिडकीशी बसून उदास व्हा," वरून सर्वेशचा आवाज आला.

"उदास कशापायी? आत्ताच जेवलोय की."

"आजी, तुम्ही तरी हसू नका."

"मग तू असलं काय काय सांगू नगं."

मी वर जाऊन दारातून पंख्याचा वेग कमी करायला सांगितला, तेव्हा सर्वेश बाहेर आला. "काका, तुम्ही खालीच थांबा. तुम्ही असलात की ते मोकळं बोलत नाहीत." घर माझं, पीठ माझं, आणि मी खाली! तीन रविवार मी मीटरशेजारी उभा होतो. वरून हसण्याचे आवाज येत होते. दिव्यांना एकशे वीस रुपयांची वीज लागली, ती मी मानधनातून वजा करून उरलेले पैसे कपाटात ठेवले. काम पूर्ण झाल्यावर द्यायचे, असा माझा विचार.

जूनमध्ये सर्वेशने कळवलं की फिल्म सोलापुरातच एका हॉलमध्ये दाखवणार आहेत. मी ज्या पतसंस्थेत हिशेब पाहतो तिथे अध्यक्षांपासून शिपायापर्यंत सर्वांना मी स्वतः आमंत्रण दिलं. मग फिल्म मोबाइलवर आली.

नाव होतं 'खालची माणसं'.

पहिल्याच दृश्यात वरच्या खिडकीतून आमचं फाटक दिसलं. मामांचा आवाज : "आता बगा. कुलूप लावंल. चारदा वढंल. कोपऱ्यापतोर जाईल, आन् परत यिऊन पाचव्यांदा वढंल." पडद्यावर मी कुलूप लावलं, चारदा ओढलं, कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे मी क्षणभर थांबलो. परत येऊ नकोस, असं मी मोबाइलला मोठ्याने म्हणालो. पण आलो.

पुढे मी भाजीवालीच्या समोर तिचे टोमॅटो घरच्या काट्यावर तोलताना. पुढे नळाला पाणी आलेल्या दिवशी मी गळ्यात शिट्टी अडकवून टाकीजवळ, आणि सुनंदा परवानगी मागून बादली भरताना. बावीस मिनिटांच्या फिल्ममध्ये साडेएकोणीस मिनिटं मी! आणि त्यावर मावशीचा हळवा आवाज : "रोज हापिसला जातंय, पर सुटका न्हाय बिचाऱ्याची. आमाला लई काळजी वाटती त्याची."

सुनंदा हसून हसून खुर्चीवरून घसरली होती.

मी सर्वेशला फोन लावला. "हे दाखवायचं नाही. माझे साहेब येणार आहेत."

"तुमचीच संमती आहे, काका. 'सर्वांच्या', दोनदा." मग त्यालाच दया आली. "आजी नको म्हणाल्या, तर थांबवतो. शेवटी फिल्म त्यांची आहे."

मी गॅलरीखाली जाऊन हाक मारली. मावशी कठड्याशी आली.

"मावशी, ती फिल्म थांबवायला सांग. मला न विचारता माझं शूटिंग केलंय."

"चांगल्या कामासाठी हाय की रं," मावशी म्हणाली. "लोकांना कळू दे, अशी बी माणसं असत्यात."

मी शर्टाचं वरचं बटण काढलं.

"आदी आमचं मानधन दे," ती म्हणाली. "मग इचार करू." आणि टोपली खाली आली.

मी कपाटातून पैसे आणले, चार हजार आठशे ऐंशी मोजून ठेवले. टोपली हलली नाही.

"विजेचे एकशे वीस वजा केलेत," मी खुलासा केला.

"आन् पीठ न्हाय का धरलंस?" खिडकीतून मामांनी विचारलं.

मी एकशे वीस टाकले. टोपली वर जाऊ लागली. माझ्या डोक्याच्या उंचीवर आल्यावर मला राहवेना. "मावशी, पावती?"

"घावला!" मामा ओरडले. त्यांच्या हातात मोबाइल होता (मीच घेऊन दिलेला, रिचार्जही माझाच; फाटक, टोमॅटो आणि टाकीही त्यावरच टिपलेली, हे तेव्हा कळलं). "सर्वेश म्हणलाच हुता, शेवट चांगला पायजे."

"मग थांबवायला सांगतेस ना?" मी विचारलं.

"इचार केला," मावशी नोटा मोजत म्हणाली. "दाखवू दे."

दाखवली. मामा-मावशी आले नाहीत. वरून सगळं दिसतं, उतरायचं कशाला, म्हणाले. शेवटच्या दृश्यात एक माणूस तोंड वर करून, हात पसरून, चढत्या टोपलीकडे पावती मागत उभा आहे. आमचे अध्यक्ष उभे राहून टाळ्या वाजवत होते.

तर एकूण पाच हजार रुपये, मावशीला, टोपलीतून पोहोचते केले. पावती अजून मिळालेली नाही. तिची गरज नाही, असं सुनंदाचं मत. पैसे वर जाताना हॉलमधल्या दोनशे चौदा लोकांनी पाहिलेत. (आकडा बरोबर आहे. मी फिल्म सुरू होण्याआधी मोजले, आणि संपून दिवे लागल्यावर पुन्हा एकदा.)