नारिंगी अक्षरं

आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, हुशार आहेत, पण सरळ गोष्टीत हमखास गोंधळतात. चहा गोड झालाय का विचारलं, तर आधी विचारतील, "कोणाच्या मानाने?"

औषधांच्या एका शीतगृहात ते कंत्राटावर होते. तिथला प्रोग्रॅम जुना, चित्रंबित्रं काही नाहीत. हुकूम टाइप करायचा, की काळ्या पडद्यावर प्रत्येक खोलीचं तापमान अक्षरांत उमटतं. ठीक असेल तर हिरव्या, बिघडलं तर लाल. साहेबांना मधला नारिंगी हवा होता, म्हणजे लक्ष ठेवा, पण घाबरू नका. त्याच महिन्यात कंत्राट संपत होतं. रंग जमला तर नोकरी टिकेल, नाहीतर घरी, हे आम्ही सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

भावजींनी नारिंगी घातला, वर हौसेनं जांभळे-गुलाबी ढीगभर रंगही घातले. आपल्या टेबलावरच्या पडद्यावर पाहिलं, छान दिसलं, खूश झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक खोली किंचित तापली. खाली गोदामातल्या जुनाट पडद्यावर नारिंगी उमटलाच नाही. ती ओळ चक्क लुकलुकायला लागली. हमालांची पाचावर धारण बसली, त्यांनी अख्खी खोली रिकामी करून टाकली. भावजी धावले. वर बघावं तर शांत नारिंगी, खाली बघावं तर लुकलुक! जिना चढून-उतरून बिचाऱ्यांचं डोकं चालेना. शेवटी उलगडा झाला. नव्या रंगासाठी पडद्याला आकड्यांची एक माळ पाठवावी लागते. जुन्या पडद्याला तिच्यातला पाच तेवढा कळला, आणि त्याच्या लेखी पाच म्हणजे लुकलुक.

साहेबांनी विचारलं, "चूक कोणाची?"

"माझीच. मी फक्त माझा पडदा बघितला."

घरी आले ते तोंड पाडूनच.

"काय म्हणाले साहेब?" मी विचारलं.

"काही कळलं नाही, वहिनी. आधी हसले. मग म्हणाले, आपल्या सगळ्या गोदामांतले जुने पडदे एकेक करून तपासा. वर्षभर पुरेल एवढं काम आहे ते."

"वर्षभर? अहो, मग नोकरी राहिली की!"

"तसं नाही म्हणाले ते."

मला आनंदानं रडूच फुटलं. आणि हे आमचं ध्यान घाबरून विचारतंय, "वहिनी, आता काय चुकलं माझं?"